नानांचे चार लाख आणि वरचे चार टक्के

पैशाचा कोणता निर्णय पुन्हा घ्यायला मिळाला तर बदलाल, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अमळनेरात हे कुणालाही विचारा, पहिल्यांदा विप्रोचाच विषय निघेल. १९४५ साली ही कंपनी वनस्पती तुपासाठी इथेच सुरू झाली. गावातल्या पुष्कळ घरांत तिचे शेअर होते, आणि मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीला ज्यांनी ते विकले त्यांच्याकडे अजून हळहळ चालते. मला त्यात चूक वाटत नाही. गरज होती, विकले.

माझी चूक वेगळी. निर्णय माझा होता आणि पैसे वडिलांचे.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००५ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीतून घराचं कर्ज फेडलं, चार लाख उरले. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आदल्याच वर्षी सुरू झाली होती. नऊ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज हातात. नाना फॉर्मसुद्धा घेऊन आले होते. मला मात्र तालुक्यातली एक पतसंस्था दिसत होती. तिथे तेरा टक्के. संचालक ओळखीचे, निम्मा गाव खातेदार. मी वहीवर हिशेब करून दाखवला : वर्षाला सोळा हजार जास्त. नाना बराच वेळ त्या वहीकडे बघत बसले, मग म्हणाले, "तू म्हनस ना, मंग टाकी दे."

लाखाच्या चार पावत्या केल्या. सोळा हजार म्हणजे महिन्याला तेराशे तेहेतीस रुपये. तेवढ्यासाठी मी त्यांची सदतीस वर्षांची नोकरी पणाला लावली, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

२००७ मध्ये पैसे मिळणं थांबलं. आधी "पुढच्या सोमवारी या", नंतर शटर अर्धं खाली. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलं, तो पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात रांगेत उभा राहायचा. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसरी चूक पुढच्या वर्षी झाली. बहिणीचं लग्न ठरलं होतं. एक दलाल घरी आला. संस्थेचंच कर्ज थकवलेले लोक ठेवीदारांच्या पावत्या स्वस्तात घ्यायचे आणि पूर्ण रकमेला आपल्या कर्जात वळत्या करायचे. लाखाची पावती पस्तीस हजारांत गेली. म्हणजे ज्यांनी कर्ज बुडवलं त्यांनाच आम्ही पासष्ट हजारांची सूट दिली. हात अडला होता हे खरं, पण नातेवाइकांकडे शब्द टाकला असता तर ते लग्न अडलं नसतं. मला मागायची लाज वाटली.

तुम्ही कदाचित अशाच एखाद्या पावतीचा विचार करत असाल, म्हणून स्पष्ट लिहितो. पतसंस्था ही बँक नव्हे, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका माणसाला एका बँकेमागे, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही, आणि ती बहुराज्य, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असली तरी नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, प्रामाणिकपणे चालणाऱ्याही आहेत. पण निवृत्तीचा पैसा असेल तर काउंटरवर सरळ विचारा : या ठेवीला विमा आहे का? आणि पोस्टापेक्षा चार टक्के जास्त देणारी संस्था तोच पैसा कुणाला, किती टक्क्यांनी आणि कशाच्या तारणावर देते, तेही विचारा. उत्तर देताना समोरचा चहा मागवायला लागला तर उठा.

उरलेल्या तीन पावत्यांपैकी संस्थेवर नेमलेल्या प्रशासकाकडून तुकड्या-तुकड्यांनी एक लाख दहा हजार आले, दहा वर्षांत. नाना २०१९ मध्ये गेले. बाकीच्या रकमेसाठी मागच्या महिन्यात मी आईच्या नावाने वारसाचा अर्ज दिला आहे.