इंटरव्ह्यूआधी 'अगो' आणि 'यूज्ड टू' पक्कं करा

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत इंटरव्ह्यूला इंग्रजीत 'आधी कुठे होतात?' हे विचारतातच, आणि नवख्यांची गाडी तिथेच अडते. पहिल्यांदा 'अगो' घ्या. आकडा आधी, 'अगो' मागून: 'टू इयर्स अगो'. 'बिफोर टू इयर्स' हे चुकीचं, मराठीतल्या 'पूर्वी'मुळे तोंडात येतं. 'अगो' आलं की क्रियापद साध्या भूतकाळात: 'आय जॉइन्ड', 'आय हॅव जॉइन्ड' नाही. संपलेली ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' गळतं. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेबद्दल बोलतानाही 'केम इन १८५३', 'हॅज कम' नव्हे.

जुन्या नोकरीसाठी 'आय यूज्ड टू वर्क इन वाशी'. 'टू'पुढे मूळ क्रियापदच. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग' म्हणालात तर अर्थ होतो, मला कामाची सवय आहे! नकारात 'डिडन्ट यूज टू', म्हणजे 'यूज्ड'मधला डी जातो. बोलताना तो फरक ऐकूच येत नाही. ईमेलमध्ये मात्र चूक उघडी पडते.

'काल रात्री'ला 'लास्ट नाइट', पण 'काल सकाळी'ला 'यस्टरडे मॉर्निंग'. इथे तर्क शोधू नका, सरळ पाठ करा. 'लास्ट वीक'आधी 'इन', 'ऑन' काही लावायचं नाही.