घर सोडायचं नाही, पण मदत कुठून मिळेल?

प्रश्न : माझं वय ७६. मिरजेत जुन्या घरात वरच्या मजल्यावर एकटी राहते. हे जाऊन तीन वर्षं झाली. खाली तंतुवाद्यांचं दुकान आहे. तंबोऱ्याची जवारी काढतात तो आवाज दिवसभर कानावर असतो, म्हणून एकटं वाटत नाही. श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून पडले. आतून कडी होती. दूधवाल्यानं हाका मारल्या, मग खालच्या मुलांनी दार तोडलं. तोपर्यंत दोन तास फरशीवर होते. हाड मोडलं नाही, पण मुलानं धसका घेतला. तो बेंगळुरूला असतो आणि रोज म्हणतो, घर बंद कर आणि इकडे ये. सूनबाई चांगली आहे, तक्रार नाही. पण तिथं बाराव्या मजल्यावर मी दिवसभर कुणाशी बोलू? पुतण्या म्हणतो, घर माझ्या नावावर करा, मी तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळतो. मी हट्टीपणा करतेय का? आणि मदत मागायची तर कुणाकडे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, हा हट्टीपणा नाही. ज्या आवाजात आणि ज्या माणसांत आयुष्य गेलं तिथंच राहावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण ते दोन तास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मी सरकारी रुग्णालयात २८ वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. खुब्याचं हाड मोडून आलेल्या कितीतरी बायका अस्थिरोग वॉर्डात पाहिल्या. पहिल्यांदाच पडली अशी त्यांत क्वचितच कुणी असायची. आधी एकदा, दोनदा पडलेली असायची आणि घरी कुणाला सांगितलेलं नसायचं. माझ्या आईनंही हेच केलं. ती इस्लामपूरला एकटी राहायची. एका दिवाळीत तिला उटणं लावताना कोपराच्या वर हिरवट-पिवळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "दाराला लागलं." पुढे कळलं, ती तीनदा पडली होती. सांगितलं तर आपल्याला इथून हलवतील, ही तिची भीती. तुम्ही सांगितलंत, हे फार बरं केलंत.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि "मी पडले होते" हे पहिल्याच वाक्यात सांगा. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीनं उठताना अंधारी येते का, हे तेच बघू शकतात. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं पाठ म्हणू नका. मोतीबिंदू तपासून घ्या. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला जरा वेळ बसून मगच पाय टाका.

आता न्हाणीघर. मिस्त्रीला बोलावून भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या, एक बसायच्या जागेजवळ आणि एक दाराजवळ. टॉवेलची नळी धरायला कधीच वापरू नका, माणसाच्या भारानं ती भिंतीतून उपटून येते. चौरंगाऐवजी रबरी बुडाचं उंच स्टूल घ्या आणि खाली रबरी चटई टाका. आतली कडी काढूनच टाका, बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूप लावा. एकटं राहणाऱ्या बाईला कडीशिवाय आंघोळ करायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण तुमच्या प्रसंगात बराच वेळ त्या कडीनं खाल्ला. मोबाईल कापडी पिशवीत घालून गळ्यात ठेवा, न्हाणीघरात जाताना तो दांड्याला हात पोचेल असा अडकवा. घराची एक किल्ली खालच्या दुकानात द्या.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही आठ जणींनी सकाळच्या फोनची साखळी केली आहे. आठच्या आत मी पहिलीला फोन करते, ती दुसरीला, असं करत शेवटची मला. दोनदा फोन उचलला नाही तर जिच्याकडे किल्ली आहे ती जाते. याला पैसा लागत नाही. गेल्या वर्षी एकीला साखर उतरून भोवळ आली होती, ती पाऊण तासात सापडली. तुमच्या भागातला संघ शोधा. राज्यातल्या पुष्कळ संघांची फेस्कॉम, म्हणजे महाराष्ट्र राज्य ज्येष्ठ नागरिक महासंघ, ही शिखर संस्था आहे. संघ सापडला नाही तर चार ओळखीच्या बायका पुरे. दूधवाल्यालाही सांगून ठेवा, त्यानं एकदा तुमचा जीव वाचवलाय.

कुठं काय मिळतं हे विचारायला १४५६७ हा क्रमांक फोनमध्ये साठवा. केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सगळे दिवस, पैसे लागत नाहीत. निवृत्तिवेतन, कायदा, छळ, वृद्धाश्रम, नुसतं मन मोकळं करणं, काहीही असलं तरी तिथं बोलता येतं. जीवावरचा प्रसंग असेल तर मात्र सरळ ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

तुमचं वय सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. मिरजेत दवाखाने भरपूर, पण सगळे या योजनेत नसतात. आपल्या जवळचा कुठला आहे ते आजारी पडण्याआधीच विचारून ठेवा. बँकेचंही तसंच. सत्तरीपुढच्या ग्राहकांना रोख रक्कम, चेकबुक यांसारख्या सोयी घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. माझ्या आईला एका बँकेनं नुसत्या सहीसाठी दोनदा जिना चढायला लावला होता, गुडघे धरून ती मधल्या पायरीवर बसली, ते मी विसरलेले नाही. तुम्ही शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगू नका. आणि पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, तेव्हा माहेरच्या माणसांना भेटायला जात राहा.

आता पुतण्याबद्दल. त्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण घर आत्ता कुणाच्याही नावावर करू नका, मुलाच्याही नाही. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर तुमचं राहत नाही, आणि नंतर नुसतं मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर सिद्ध करताना दमछाक होते. रुग्णालयात माझ्यासमोर एक आजी बसायच्या. बक्षीसपत्रावर सही केली तेव्हा चहा-पोहे झाले होते, असं पुन्हा पुन्हा सांगायच्या. डिस्चार्ज मिळाल्यावर त्यांना न्यायला कुणी आलं नाही. त्या पोह्यांवर लिंबू पिळलं होतं, हेही त्यांच्या लक्षात होतं.

पुतण्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि जिवंत असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. पुतण्याला तुम्हाला खरंच सांभाळायचं असेल तर तो मृत्युपत्रावरही थांबेल.

कामाला बाई ठेवायची म्हणालात तर एकदम चोवीस तासांची ठेवू नका. आधी सकाळचे दोन तास, आंघोळीच्या वेळी घरात माणूस असावं एवढ्यासाठी. आधार कार्डाची प्रत घ्या, पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, एटीएमचा पिन कुणालाही सांगू नका.

आणि मुलगा. त्याला घर बंद करायची घाई झालीय असं मला वाटत नाही. त्याला रात्री झोप लागत नाहीये. दांडा बसवल्याचा, नव्या कुलपाचा फोटो त्याला पाठवा, फोनच्या साखळीत त्यालाही घ्या. जिना ओला होतो ते पावसाळ्याचे दोन महिने बेंगळुरूला जा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोचता, तिकिटाला खालचा बर्थ मागून घ्या. आणि दोघांनी मिळून आत्ताच ठरवा, की काय झालं तर मिरज सोडायचं. स्वतःचं जेवण स्वतः करता आलं नाही तर? पुन्हा पडलात तर? घरची वाट चुकलात तर? ते वहीत लिहा, खाली तुमची सही करा. माझ्या आईनं तसं लिहिलं होतं. वेळ आली तेव्हा तिनं स्वतःच ती वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली, आम्हाला तिला ओढून न्यावं लागलं नाही.

प्रश्न : वडील ८३ वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यामुळे दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी खुर्चीवर बसवून जिन्यावरून खाली न्यावं लागतं. काही मार्ग आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे, आणि यंदा त्यांना खाली नेऊ नका. मोबाईलवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप घ्या. चेहऱ्यावरून दाखला निघतो, ठशाची गरज पडत नाही. खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर येऊ द्या, चष्मा काढा, डोळे मिटून उघडायला सांगा. एकदा जमलं नाही तर दुपारी, ते ताजेतवाने असताना पुन्हा करा. आधार क्रमांक निवृत्तिवेतनाच्या खात्याला जोडलेला हवा, ते आधी बँकेत बघा. मोबाईलवर जमत नसेल तर पोस्टात सांगा, पोस्टमन घरी येऊन काढून देतो. वडील केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक असतील तर ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायला नको.