डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचाय? आधी अर्थिंग बघा

१९६० च्या दशकातली गाडी, रात्री हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की बॅटरी उतरते, आणि अल्टरनेटर बसवायचा तर काय काय बदलावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. मी माझ्या गाडीवर हे काम स्वतः केलंय.

डायनॅमो म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर, आणि अल्टरनेटर हे त्याच कामाचं नवं यंत्र. डायनॅमो कमी पडतो तो इंजिनच्या कमी फेऱ्यांवर. त्या काळच्या गाड्यांत सर्रास दिसणारा लुकास सी४० जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. सिग्नलला थांबलात की कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा रिले) सुटतो, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. अल्टरनेटर आयडलिंगलाही बऱ्यापैकी चार्ज करतो. लुकासचाच १७एसीआर ३६ अँपिअरचा आहे, तेवढा भरपूर झाला. गाडी फक्त दिवसाच काढत असाल तर मात्र डायनॅमोचे कार्बन (ब्रश) बदला, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर साफ करून घ्या. तेवढ्यावर भागेल.

बदलायचंच ठरलं तर आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या आहेत आणि बाजारात मिळणारे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे. उलटं जोडलं की आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जातात. माझा पहिला अल्टरनेटर असाच गेला. बॅटरी फिरवून ठेवली होती, पण केबल जुन्या सवयीने होत्या तशाच आवळल्या. आता शेवटची केबल लावण्याआधी मी मीटर लावून बघतो, मगच पाना हातात घेतो.

अर्थिंग बदललं, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडायचं ठरलं, की इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायर आणि अ‍ॅमीटरच्या वायर यांची अदलाबदल करा. जुन्या स्टार्टरला फरक पडत नाही, कारण त्यात कायम चुंबकाऐवजी फील्ड वाइंडिंग (तारेचं वेटोळं) असतं. कायम चुंबकाची ब्लोअर मोटर मात्र उलटी फिरेल. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आधीच सोडवून ठेवा, नाहीतर जळतील.

रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) १७एसीआरच्या आतच असतो, त्यामुळे जुन्या रेग्युलेटर बॉक्सचं काम संपतं. डायनॅमोकडून येणारी जाड वायर बॉक्सवरच्या बॅटरीकडे जाणाऱ्या वायरींना जोडा आणि बारीक फील्डची वायर लाल दिव्याच्या वायरला. पण ती जाड वायर २२ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेली आहे. हात लावून गरम लागली तर तिच्यावर विसंबू नका. मी तर अल्टरनेटरपासून स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत नवी जाड वायरच ओढली.

लाल दिव्याचा बल्ब २.२ वॅटचाच ठेवा. त्यातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. तिथे एलईडी लावला तर तो चार्जच करायला लागत नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधताना दिवस जातो.

पुली एका रेषेत आहेत का ते सरळ लोखंडी पट्टी टेकवून बघा, नाहीतर बेल्ट कडेने कुरतडला जातो.

सगळे दिवे लावून इंजिनच्या फेऱ्या जरा वाढवा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम झालं. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून बघायची डायनॅमोच्या काळातली सवय सोडा. तेवढ्यानेही डायोड जातात.