शेती विभाग राखल्याने विकास अडतो का?

प्रश्न : नाशिकलगतची आमची द्राक्षबाग विकास योजनेत (शहराच्या जमीनवापराच्या आराखड्यात) शेती विभागात, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या भागात आहे. यामुळे आमची प्रगती अडत नाही का? – एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : आपली अडचण खरी आहे; शेजारच्या निवासी विभागात भाव चढत असताना थांबा म्हणणे सोपे नाही. मात्र एका बागेवर मजूर, शीतगृहे, वाहतूकदार आणि निर्यातदार अशी मोठी साखळी जगते, आणि बागांमध्ये विखुरलेल्या वसाहती उभ्या राहिल्या की रस्ते, नळ व मलवाहिन्यांचा खर्च सर्वांवर पडतो. कारखान्यांचेही तसेच: सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींप्रमाणे ते एकत्र असले, तर सांडपाण्यावर एकाच ठिकाणी प्रक्रिया करणे शक्य होते. गोदावरीच्या निळ्या पूररेषेत (नदीलगतच्या, पुराचे पाणी येणाऱ्या आखलेल्या पट्ट्यात) तर बांधकाम नकोच. २००८ चा पूर नाशिककरांनी पाहिला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप (अंतिम मंजुरीपूर्वीच्या) योजनेवर हरकत घेता येते. सातबारा जोडून ती मुदतीत लेखी द्यावी.