ऊदवर साधी चाल सजवताना: वाचकांचे प्रश्न

शारजात ऊद (बिनपडद्याचे अरबी तंतुवाद्य) शिकते आहे. 'लम्मा बदा यतथन्ना' ही अरबी चाल सुरात आणि लयीत येते, पण कोरडी वाटते. काय करू?

आधी उजव्या हाताकडे बघा. ऊदचा सूर छेडला की लगेच विरू लागतो. गाणारा जो सूर तीन मात्रा धरतो, तो तुमच्या हातून एका मात्रेत संपतो. कोरडेपणा येतो तो इथून, म्हणून सजावट लांब सुरांत भरा. चालत्या सुरांना सध्या हात लावू नका.

ही मुवश्शह (जुन्या धाटणीचे अरबी गीत) समाई सकील या 10 मात्रांच्या ठेक्यात आहे. झपताल मनात धरलात तर फसाल. तिथे 2-3-2-3, इथे 3-2-2-3. 'दुम' (जड आघात) पहिल्या, सहाव्या आणि सातव्या मात्रेवर, 'तक' (हलका आघात) चौथ्या आणि आठव्या मात्रेवर. नंतरच्या दोन मोकळ्या. तीन मात्रांचा सूर असेल तर पहिलीवर रीशाचा (तार छेडायच्या लांब पट्टीचा) ठाम आघात वरून खाली द्या. दुसरीवर तोच सूर खालच्या सप्तकात, तिसरीवर हलके दा-रा-दा-रा (उलटसुलट आघात), पुढच्या सुरात घेऊन जाणारे. पांढरी एकवरून वाजवत असाल आणि जाड एकेरी तार त्याच सुराला लावली असेल, तर षड्जाचा खर्ज मोकळ्या तारेवर आयता मिळतो.

पहिल्या खेपेला मात्र चाल अगदी साधी वाजवा. मूळ चाल कानात बसल्याशिवाय ऐकणाऱ्याला सजावट कळणार कशी?

मी सतार वाजवतो. ऊदवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) घेता येईल ना?

सतारीसारखी नाही. इथे तार ओढायची सोय नाही. पडदे नसल्याने बोट सरकवायचे, आणि लांब सरकवलेत तर पोहोचेपर्यंत आवाजच संपतो. एका सुराची छोटी घसीट पुरे, तीही ओळ संपवणाऱ्या सुरावर. त्यापेक्षा तुमचे कण (मुख्य सुराला लागलेला क्षणिक सूर) आणि कृंतन (डाव्या बोटाने तार छेडून काढलेले सूर) इथे जास्त उपयोगी पडतील. तुर्की वादक डाव्या हाताने सूर जोडत नेतात, जुन्या इजिप्शियन वादनात रीशाचा जोर जास्त. दोन्ही ऐका, पण सुरुवात एकापासून करा.

बयाती मकामात (मकाम म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा प्रकार) षड्जाला वरून कण दिला की शिक्षक नापसंतीने मान हलवतात. का?

बहुधा तुम्ही कोमल रे लावत असाल. बयातीचा रे कोमल आणि शुद्ध यांच्या साधारण मधोमध असतो. कोमल रे लावलात की ऐकणाऱ्याला कुर्द मकाम ऐकू येतो. कण क्षणभराचा असला तरी मकाम बदलायला तेवढा पुरतो. (हार्मोनियमवर वाढलेल्या आपल्या कानांची ही हमखास अडचण.) रास्त मकामातला गंधारही असाच मधला असतो, पण हा रे आपल्या मधल्या जागेपासून त्याहूनही किंचित खाली धरतात, त्यामुळे तक्ता पाठ करून भागत नाही. षड्ज आणि हा रे, एवढेच दोन सूर संथ लयीत रोज घोळवा, गाऊनही बघा. बोट आपोआप जागा शोधते.

नहावंद मकामाला नियम तोच, सूर वेगळे. षड्जाला खालून कण द्यायचा तर सहसा शुद्ध नी घ्यावा. राग किरवाणी ऐकलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

कानून (मांडीवर ठेवून वाजवायचे अनेक तारांचे अरबी वाद्य) आणि व्हायोलिनसोबत वाजवताना सगळ्यांची सजावट एकमेकांवर आदळते. ठरवून वाटून घ्यावी का?

ती थोडी आदळायलाच हवी! तख्तमध्ये (छोट्या अरबी वाद्यमेळात) सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या स्वभावाप्रमाणे. गोडी त्या बारीक फरकातच आहे. दोन पथ्ये पाळा. गायिका गात असताना ऊद मागे राहतो. मोठमोठ्या चालींचे संगीतकार असलेले मुहम्मद अल-कसबजी इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे मागे बसून ऊद वाजवत. दुसरे, कफला, म्हणजे ओळीचा शेवट, सगळ्यांनी एकत्र गाठायचा. तिथे स्वतःची जागा दाखवायला जाऊ नका.

रीशा कोणता घेऊ?

पूर्वी गरुडाचे पीस किंवा शिंग वापरत. आता प्लॅस्टिकचा चालतो, अगदी रुंद केबल टाय कापून, टोक घासून घेतला तरी चालेल. गिटारचे पिक टाळा. आखूड आणि कडक असल्याने मनगट सैल राहत नाही.