कोरड्या लेनवर रिअ‍ॅक्टिव्ह बॉल लवकर का वळतो? बॉल बदलावा की हात?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यात उत्तम चालणारा बोलिंगचा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल (लेनला घट्ट धरून वळणारा) गावाकडच्या कोरड्या, म्हणजे तेल न लावलेल्या लेनवर अर्ध्या वाटेतच डावीकडे ओढला जातो, तेव्हा बॉल बदलावा की टाकण्याची पद्धत? बॉल बदला, आणि बदली म्हणून साधा प्लास्टिकचा घ्या. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण हा धडा मला सगळ्या सासुरवाडीदेखत मिळाला आहे.

माझी सासुरवाडी भुसावळची. मे महिन्यात बाहेर 44 अंश तापमान असताना मुलांनी थंडाव्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खेळघराचा हट्ट धरला, आणि मी पुण्याहून गाडीच्या डिकीत घालून आणलेला 14 पौंडांचा बॉल मोठ्या दिमाखात बाहेर काढला. माझे साडू अमळनेरचे कापसाचे व्यापारी. त्यांनी त्यापूर्वी बोलिंगचा बॉल हातातही धरलेला नव्हता. माझी पिशवी, मनगटाचा पट्टा आणि बूट पाहून ते सर्वांसमोर म्हणाले, "पाव्हना, हाऊ बॉल खेयाना शे का दखाडाना?"

पहिला बॉल मी नेहमीप्रमाणे उजव्या बाजूने बाहेर सोडला. 60 फुटांच्या लेनवर जो चाळिसाव्या फुटाच्या आसपास वळायला हवा, तो पंधराव्या फुटालाच वळला आणि पुढच्या पिनेला न शिवता डाव्या कोपऱ्यातली एकटी सातवी पिन पाडून गेला. लेनच्या पाच फळ्या डावीकडे सरकून पुन्हा टाकला, तेव्हा तो खिशात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत, गेला खरा, पण दमलेल्या बैलासारखा. उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन जागची हललीही नाही. त्या एका खेळात ती दहावी पिन चार वेळा तशीच उभी राहिली. बॉल परत आला की मी पांढऱ्या टॉवेलने पुसत होतो. एरवी त्यावर तेलाची एकाशेजारी एक अशी बारीक कडी उमटलेली असतात; त्या दिवशी टॉवेलवर फक्त राखाडी धूळ आली. व्यवस्थापकाला विचारले, तर म्हणाला, "तेल टाकले की गिऱ्हाईक घसरते." बॉल सोडण्याच्या रेषेच्या पलीकडे गिऱ्हाइकाने जायचेच नसते आणि तेल रेषेच्या पलीकडेच असते, हे त्याला समजावण्यात माझ्या दोन पाळ्या खोळंबल्या.

कारण सरळ आहे. बॉल आधी घसरतो, मग वळतो आणि शेवटी नुसता गडगडत जातो. घसरण्याचा टप्पा तेलावर अवलंबून असतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन कोरड्या लाकडाला किंवा सिंथेटिक पृष्ठभागाला घट्ट धरते. त्यामुळे तेल नसले की तिन्ही टप्पे लवकर उरकतात, आणि पिनांपर्यंत पोहोचेपर्यंत बॉलची फिरकी खर्ची पडून तो धडकेने बाजूला ढकलला जातो. प्लास्टिकला पकड जवळजवळ नसते, म्हणून ते कोरड्यावरही सरळ जाते. साडूंच्या हातातला खेळघराचा टवके उडालेला नारिंगी बॉल प्लास्टिकचाच होता. त्यांनी तो जोरात, सरळ, मधोमध फेकला आणि 121 गुण केले. माझे 97 झाले.

यात त्यांचे कौशल्य नव्हते, हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे. दुसऱ्या खेळात मीही तिथलाच बॉल घेतला. अंगठ्याचे भोक सैल असूनही माझे 139 झाले आणि त्यांचे 118. तो खेळ ते मोजायला तयार नाहीत, कारण त्याचे पैसे मुलांनी भरले होते. घरातल्या प्रत्येक लग्नात 97चा आकडा निघतो, 139चा कधीच निघत नाही. महागडा बॉल घेऊन येणारा हरतो असा त्यांचा सिद्धांत आहे. खरे तर चुकीच्या लेनवर चुकीचा बॉल आणणारा हरतो, आणि त्यांनी बरोबर बॉल निवडला तो केवळ दुसरा उपलब्ध नव्हता म्हणून.

दुकानदार आपल्याला अधिक जोरकस कवचाचा, म्हणजे बाहेरच्या थराची पकड जास्त असलेला बॉल सुचवेल. घेऊ नका, तो याहून आधी वळेल. नवीन घेणे शक्य नसेल, तर हातातल्याच बॉलला चकाकी आणून घ्या, वेग वाढवा, मनगट ढिले ठेवा आणि डावीकडे सरका. तेल मधल्या फळ्यांवर थोडे तरी शिल्लक असेल तरच सरकण्याचा उपयोग होतो. माझ्या वेळी तेही नव्हते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सर्व उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट कराव्यात. आपल्या हाताला मुळातच फिरकी कमी असेल, तर कोरडी लेन आपल्याला फारशी छळणार नाही आणि माझा सल्ला निम्मा वाया जाईल. युरेथेनचा बॉल हा प्लास्टिक आणि रिअ‍ॅक्टिव्ह यांच्या मधला पर्यायही चांगला आहे. तो लवकर वळू लागतो, पण झटका देत नाही. स्पर्धेत खेळत असाल, तर खेळ सुरू झाल्यावर बॉल घासता येत नाही, म्हणून तयारी आधीच करून जा. मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी एक खेळ पांढरा टॉवेल घेऊन खेळा, आणि त्यावर तेल उमटले नाही तर तो टॉवेल न धुता जपून ठेवा. मी माझा धुतला, म्हणून आज साडूंपुढे पुरावा नाही.