सिंड्रेलाच्या पंगतीला मुलगे बसतील का?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही नाशिकहून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला येतोय. मी, हे, सासूबाई आणि दोन मुलगे. थोरल्याला 22 मेला दहावं वर्ष पूर्ण होईल, धाकटा पाच वर्षांचा आहे. अटलांटाहून नणंद, तिचे यजमान आणि त्यांची सहा वर्षांची लेक येणार. भाचीला सिंड्रेलाच्या महालात राजकन्यांबरोबर जेवायचंय, आणि नणंदबाई म्हणतात, सगळे मिळूनच जाऊ. ह्यांचं म्हणणं, ‘पोरांना काय करायच्यात राजकन्या? पैसे पाण्यात.’ थोरला ‘शी!’ म्हणाला. धाकटा दादाकडे बघून ‘शी!’ म्हणाला. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. दादाकडे बघून ‘शी’ म्हणणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचं स्वतःचं मत अजून कुणी विचारलेलंच नाही. आधी ते विचारा. दादा खाली खेळायला गेला असताना, आणि चेहऱ्यावर हसू न आणता. ‘राजकन्यांकडे जेवायला येतोस का रे?’ असं डोळे मिचकावत विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार. तुमच्या चेहऱ्यावरून त्याला बरोबर कळतं की काय म्हणायचं असतं.

आता माझी गोष्ट. मी टँपाला राहते, ऑरलँडो आमच्यापासून दीड तासावर. त्यामुळे भारतातून कोणीही आलं की डिस्नेची वारी आमच्याच नशिबी. 2012 साली ठाण्याहून माझा भाऊ आला होता, मुलीला घेऊन. माझे मुलगे तेव्हा आठ आणि पाच वर्षांचे. भाचीसाठी सिंड्रेलाच्या महालातलं दुपारचं जेवण ठरवलं. भाऊ पार्किंगपासून माझ्या थोरल्याला चिडवत होता, ‘काय रे, बांगड्या भरणार का आज? मेंदी काढू या का?’ गंमत म्हणूनच, पण पोरगा टेबलाशी बसला तो मान खाली घालून. ब्रेडचे तुकडे करून त्याने बशीभोवती तटबंदी उभारली आणि आत तोंड लपवलं. आमचे हेही आतून भावाच्याच पक्षात होते, त्यामुळे मदत शून्य.

धाकट्याला या राजकारणाचा पत्ता नव्हता. टेबलाशी एरियल आली, ती जलपरी. त्याने तिच्या पायांकडे बघितलं आणि सरळ विचारलं, ‘तुला काल शेपटी होती ना? मग आज चालताना दुखत नाही का?’ ती खाली गुडघ्यावर बसली आणि त्याला सांगू लागली की अजून धड जमत नाही, जिन्यावर फार पंचाईत होते. चांगली दोन मिनिटं त्यांची पायांवर चर्चा झाली. मग अल्लादीनच्या गोष्टीतली जास्मिन आली. तटबंदीच्या मागून आवाज आला, ‘हिचा वाघ कुठंय?’ थोरल्याचा. तिला वाघ आहे हे त्याला माहीत होतं, म्हणजे पठ्ठ्याने सिनेमा चोरून पाहिलेला होता. ती म्हणाली, जेवण जास्त झालं म्हणून झोपलाय. तिथून पुढे वाघ काय खातो, किती खातो, गालिच्यावर बसतो का, हे सगळं झालं आणि भावाच्या बांगड्या कुठल्या कुठे राहिल्या.

तेव्हा मुलींना छडी आणि मुलांना प्लॅस्टिकची तलवार देत असत. माझ्या धाकट्याला छडी हवी होती, भाचीला तलवार. दोघांनी टेबलाखालून अदलाबदल केली. भावाला हे अजून माहीत नाही, पण आता तो हे वाचेल.

हे एवढ्यासाठी सांगितलं की मुलाला तिथे आवडतं ते काय, हे लक्षात यावं. मिकी, गूफी, डोनाल्ड हे मुखवट्यातले. ते बोलत नाहीत, फक्त हातवारे करतात, आणि काही लहान मुलं त्या प्रचंड डोक्यांना घाबरून रडतात. राजकन्या मात्र बोलतात. मुलाशेजारी बसून, आपण खरोखरच त्या गोष्टीतून आलो आहोत अशा थाटात, त्याच्या कुठल्याही आचरट प्रश्नाचं उत्तर देतात. पाच वर्षांच्या मुलाला अख्ख्या सहलीत एवढं लक्ष दुसरं कोण देणार आहे? आपण तर नकाशात डोकं घालून पळत असतो. माझ्या लहानपणी वाड्यात भोंडला असला की पाच-सहा वर्षांचे मुलगेही हत्तीच्या पाटाभोवती आमच्याबरोबर फेर धरत आणि खिरापत ओळखायला सगळ्यांत पुढे असत. मग एखाद्या वर्षी कुणीतरी काका ‘मुलींचा खेळ’ म्हणाला की ते दारात उभे राहून फक्त खिरापतीला हात पुढे करत. तुमचा धाकटा अजून फेरात आहे. थोरला दारात उभा आहे.

आणि ‘शी’ म्हणणाऱ्या थोरल्याची एक गंमत बघा. हाच मुलगा मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे महाल असलेल्या त्याच उद्यानात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनच्या रांगेत तासभर आनंदाने उभा राहील. ती गाडी हिमगौरीच्या सात बुटक्यांच्या खाणीतून जाते आणि शेवटी खुद्द हिमगौरी त्यांच्याबरोबर नाचताना दिसते. तिथे कुणी ‘राजकन्येची गाडी’ म्हणत नाही, म्हणून चालतं. (उंची 38 इंच लागते. धाकटा बहुधा बसतो, तरी घरी मोजून घ्या.)

तरीही, खरं सांगायचं तर तुम्ही आठ जणांनी सिंड्रेलाच्या महालात जाऊ नये असं माझं मत आहे. त्याचं कारण मुलगे नव्हेत. कारण आहे पैसे आणि वेळ.

महाल बाहेरून 189 फुटांचा दिसतो, पण आतलं भोजनगृह दुसऱ्या मजल्यावर, बेताचंच. (1997 पर्यंत त्याचं नाव ‘किंग स्टीफन्स बँक्वेट हॉल’ असं होतं. स्टीफन हा झोपलेल्या राजकन्येचा, ऑरोराचा बाप! सिंड्रेलाच्या घरात दुसऱ्याच मुलीचा बाप जेवण घालत होता आणि पंचवीस वर्षं कुणाला त्यात काही खटकलं नाही.) मोठ्या माणसाला दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाचे 80 डॉलरच्या वर पडतात. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर. सहा किंवा जास्त माणसं असली की 18 टक्के टीप आपोआप बिलात येते, आणि तुम्ही आठ आहात. सहाशे डॉलर कधी ओलांडले ते कळणारही नाही. शिवाय हे उद्यानाच्या आत, म्हणजे त्या दिवसाचं उद्यानाचं तिकीट वेगळं. एक महत्त्वाचं : डिस्नेच्या हिशेबात 3 ते 9 वर्षं म्हणजे मूल, दहा पूर्ण झाली की मोठा माणूस. थोरल्याचा वाढदिवस 22 मेला आहे ना? त्याच्या आधी या. 23 तारखेला तोच मुलगा त्याच दोन घासांचे मोठ्या माणसाचे पैसे घेऊन बसेल.

मी तुमच्या जागी असते तर दोन तट पाडले असते. नणंदबाई त्यांच्या लेकीला घेऊन महालात, आणि धाकट्याने मनापासून ‘हो’ म्हटलं तर तोही आत्याचं बोट धरून. मामीने किंवा आजीने सोबत जायची गरज नाही. त्या वेळात बाकीचे गाड्यांमध्ये बसून या. आत्याबरोबर एकटं जाण्यात भाव खायला मिळतो, हा वरचा नफा.

पण सासूबाईंना ‘सगळे एकत्र’च हवं असेल, तर महाल सोडा आणि वाइल्डरनेस लॉज या डिस्नेच्याच हॉटेलात आर्टिस्ट पॉइंटला रात्रीचं जेवण घ्या. तिथे हिमगौरी असते, म्हणजे भाची खूश. डोपी आणि ग्रंपी हे दोन बुटके असतात. आणि तिची दुष्ट सावत्र आई, ती राणी, एका बाजूला तोऱ्यात उभी असते. ती टेबलाशी येत नाही, आपण तिच्यापुढे हजर व्हायचं. नऊ वर्षांच्या मुलाला खलनायिकेपुढे उभं राहून तिच्याकडून तुच्छतेने बघून घेण्यात जो आनंद होतो, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. माझा पुतण्या दोनदा गेला. हॉटेलात असल्यामुळे उद्यानाचं तिकीट लागत नाही. दुसरा पर्याय ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं 1900 पार्क फेअर. ते 2024 च्या एप्रिलात पुन्हा सुरू झालं आणि तिथे सिंड्रेला, टियाना या राजकन्यांबरोबर अल्लादीनही भेटतो. बुफे आहे, त्यामुळे खाण्याची कुरकुर करणाऱ्या मुलांना सोपं.

काहीही ठरवा, 60 दिवस आधी बुकिंग उघडतं त्या सकाळी बसा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार. हे काम अटलांटावाल्यांवर टाका. आणि ह्यांना एवढंच सांगा की त्या दिवशी पार्किंगपासून टेबलापर्यंत एकही विनोद करायचा नाही.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला डिस्नेला ‘फ्रोझन’ सिनेमातल्या एल्साचा निळा झगा घालून यायचं आहे. बायको म्हणते घालू दे. मला वाटतं लोक हसतील, आणि पुढे फोटो बघून तोच आमच्यावर चिडेल. एल्साबरोबर जेवायला कुठे मिळेल?
— एक बाबा, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बायकोचं ऐका. तिथे 14 वर्षांखालच्या मुलांना हवा तो वेष करता येतो, आणि बाप मिकीचे कान लावून हिंडत असताना सहा वर्षांच्या मुलाकडे कोण बघतंय? हसणारं कुणी भेटलंच तर ते तुमच्याच गटातलं असेल. माझी काळजी वेगळी आहे : ते चमचमतं कापड काखेत टोचतं आणि फ्लोरिडाच्या उकाड्यात दुपारी बारानंतर अंगाला चिकटतं. आत सुती बनियन आणि हाफ पँट घाला, म्हणजे तो ‘काढा’ म्हणाला की तिथल्या तिथे काढता येईल. पायात बूटच, चंदेरी चपला नकोत.

जेवणाबद्दल मात्र फसू नका. एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या उद्यानात नॉर्वेच्या दालनात आकर्सहूस नावाचं राजकन्यांचं भोजनगृह आहे, ओस्लोतल्या किल्ल्यावरून नाव दिलेलं. ‘फ्रोझन’ची गोष्ट नॉर्वेच्या धर्तीवरची, त्यामुळे सगळ्यांना वाटतं एल्सा असणारच. नसते. तिथे बेल, हिमगौरी वगैरे मंडळी येतात आणि एल्सासाठी आलेलं मूल मांसाच्या गोळ्यांकडे बघून भोकाड पसरतं. एल्सा आणि तिची बहीण ॲना शेजारीच, रॉयल सोमरहूस या लाकडी घरात भेटतात. नुसतं भेटायचं, जेवण नाही. तिथूनच पुढे फ्रोझन एव्हर आफ्टरची होडी आहे, तिला उंचीची अट नाही. आधी होडी, मग भेट, मग झगा काढून पोटभर जेवण, या क्रमाने जा.

आणि फोटोंचं म्हणाल तर माझा पाचवीतला साईबाबांच्या वेषातला फोटो आईने तीस वर्षं दिवाणखान्यात लावला होता. मी चिडले, पण अजून जिवंत आहे.

प्रश्न : नातवंडांबरोबर आम्ही दोघेही येतोय. आम्ही शाकाहारी. त्या राजकन्यांच्या जेवणात आमच्या पानात काय पडणार?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : काका, बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून नोंदवायला सांगा आणि टेबलाशी बसल्यावर पुन्हा सांगा. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, कारण तिकडे शाकाहारात अंडं धरतात. उपाशी राहणार नाही, पण चवीची फार आशा धरू नका.

त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करा. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलाच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं भोजनगृह आहे, आफ्रिकी आणि आपल्याकडच्या चवीचं. तिथे ‘ब्रेड सर्व्हिस’ मागवा : साधा नान, आलं-लसणाचा नान, कांदा कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि सोबत नऊ तोंडीलावणी. त्यात काकडीचं रायतं, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी हे सगळं आलं. काकूंना लसूण चालत नसेल तर आधी विचारून घ्या. गोष्टीतली पात्रं-बित्रं कोणी येत नाही, पण काचेपलीकडे कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. अंधार पडला की काही दिसत नाही, म्हणून दुपारची वेळ घ्या आणि खिडकीजवळचं टेबल मागा.